बोटी बंद, बोटी चालू

माझी आजी वर्षाचे दोनच भाग करायची. बोटी चालू आणि बोटी बंद. सणवार, तिथी, पाऊस सगळं तिला पाठ होतं, पण घरातल्या जुन्या गोष्टीची तारीख लावायची वेळ आली की ती बोटींवरच यायची. "तुझो बापूस झालो तेव्हा बोटी बंद होत्यो." या एका वाक्यात तिचं सगळं सांगून व्हायचं. म्हणजे वडील मालवणजवळच्या गावी ऐन पावसात जन्मले. आजोबा तेव्हा मुंबईत गिरणीत होते. पत्र घाटावरून फिरत फिरत चाळीत पोचलं, आणि मुलाचं तोंड त्यांनी पाहिलं ते भाद्रपदात, बोटी चालू झाल्यावर.

लहानपणी मला वाटायचं, बोटी बंद होणं हे दुकान बंद होण्यासारखं असेल. मालकाच्या मनात आलं की फळी लावायची. नकाशा नीट पाहायला लागलो तेव्हा कळलं की ती फळी समुद्रच लावत होता. कोकणातली बहुतेक बंदरं खाडीच्या मुखाशी किंवा उघड्या किनाऱ्यावर आहेत. मे संपता संपता नैर्ऋत्येचा वारा सुटतो, खाडीच्या तोंडाशी साचलेल्या वाळूवर लाटा फुटायला लागतात आणि नांगर टाकून उभं राहायला सुरक्षित जागाच उरत नाही. म्हणून मेच्या शेवटी आंब्याच्या उरल्यासुरल्या पेट्या घेऊन बोटी मुंबईला जायच्या आणि पावसाळाभर येत नसत. त्या तीन-सव्वातीन महिन्यांत मुंबईला जायचंच झालं तर फोंडा घाट नाहीतर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं आणि तिथून आगगाडी धरायची. ज्याला ते परवडत नसे तो वाट बघायचा. वाट बघण्याची ही सवय अख्ख्या जिल्ह्याच्या अंगात भिनली होती असं मला आजीकडे पाहून नेहमी वाटायचं. बस दोन तास उशिरा आली तरी तिची चुळबुळ व्हायची नाही.

आगबोट हा शब्द मला फार आवडतो. आगगाडी त्याची बहीण. ज्यांनी हे दोन शब्द पहिल्यांदा उच्चारले त्यांना वाफ दिसली नाही, आग दिसली. पाण्यावर आग घेऊन चालणारी होडी! आणि त्यांनी बरोबरच पाहिलं होतं. बोटीच्या पोटात जे आगवाले असायचे, त्यांचं आयुष्य त्या आगीसमोर जात होतं. फावड्याने कोळसा सारायचा, राख ओढायची, पुन्हा कोळसा. वर डेकवर वारा खात बसलेल्या माणसाला खाली काय चाललंय याचा पत्ता नसे. सारंग, तांडेल, सुकाणी, खलाशी, आगवाले, ही सगळी उतरंड बहुतेक याच किनाऱ्यातून आलेली. कोकणी मुसलमान, गाबीत, खारवी, भंडारी. त्यांच्यातले कितीतरी पुढे मुंबईच्या गोदीतून जगभरच्या जहाजांवर गेले.

आग यायच्या आधी सगळा कारभार वाऱ्याचा होता. भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे आपण परीक्षेपुरते पाठ केले, पण गलबतवाल्यांचं ते वेळापत्रक होतं. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलईवर पहाटे निघायचं, दुपारी खारा वारा सुटला की त्यावर पुढे सरकायचं, आणि वारा पडला की शीड उतरवून बसायचं. मालवणहून मुंबईला किती दिवस लागतील हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नसे. वाफेने बदल केला तो नेमका इथे. वेग हा त्यातला लहान भाग. मोठा भाग असा, की समुद्राला पहिल्यांदाच वार आणि वेळ मिळाली. अमुक वारी सकाळी बोट येणार, हे वाक्य बोलता यायला लागलं.

मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट 20 मार्च 1830 रोजी मुंबईहून सुएझला निघाली. तिच्यात कोळसा इतका लादला होता की प्रवाशांच्या जागेतही तोच भरला होता. सुरुवातीची ही अडचण सगळीकडची: जितकं लांब जायचं तितका कोळसा जास्त, आणि जितका कोळसा जास्त तितकी माणसं कमी. म्हणूनच वाफ किनाऱ्यावर चांगली रुजली. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायला पोटभर कोळसा लागत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून उत्तरेला कच्छ-काठियावाडकडे आणि दक्षिणेला गोव्याकडे आगबोटींची ये-जा सुरू झाली. शेफर्ड कंपनी, मग बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, तिचा कारभार पाहणारी किल्लिक निक्सन. सगळी नावं इंग्रजी, आणि बोटीत भरलेली माणसं सगळी आमची. 1850च्या दशकात मुंबईत कापडाच्या गिरण्या उभ्या राहायला लागल्या होत्या. त्यांना हात हवे होते आणि कोकणातल्या वरकस जमिनीवर पोट भरत नव्हतं. आगबोटीने या दोन गरजा एकमेकींना बांधल्या. चाकरमानी नावाचा माणूस तिने घडवला असं म्हटलं तर ते मला मुळीच जास्त वाटत नाही. रेल्वेने मुंबई घडवली हे आपण शाळेत शिकतो. गिरणगावाला माणसं कुणी आणून दिली, हा प्रश्न विचारला तर उत्तर भाऊच्या धक्क्यावर जाऊन शोधावं लागतं.

तो धक्का बांधणारे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. एकोणिसाव्या शतकात त्यांनी समुद्रात भराव घालून धक्का उभारला आणि होड्यांतून चिखलात उतरणाऱ्या माणसांच्या पायाखाली पहिल्यांदा दगड आला. आजचा माझगावचा धक्का पुढच्या काळातला, जागाही वेगळी, पण नाव भाऊंचंच राहिलं. कागदोपत्री 'फेरी व्हार्फ' लिहितात. टॅक्सीवाल्याला मात्र भाऊचा धक्काच सांगावा लागतो.

मुंबईला धक्का मिळाला तरी मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. तिथला समुद्र खडकांनी भरलेला, म्हणून बोट बाहेरच, सिंधुदुर्ग किल्ल्यापलीकडे, नांगरून उभी राहायची. आजी सोळा वर्षांची असताना लग्न होऊन पहिल्यांदा मुंबईला निघाली, तेव्हाचं तिचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलंय की ते आता माझ्याच आठवणीसारखं झालंय.

बंदरावर लोक पहाटेपासून बसलेले. कुणीतरी उंचावर जाऊन दक्षिणेकडे डोळे लावून उभा. क्षितिजावर काळी रेघ उमटली की ओरडा, "धूर दिसलो!" मग एकच गडबड. वळकट्या, ट्रंका, फणस, तांदळाची बोचकी, सुक्या बांगड्याचे गठ्ठे, टोपलीत पाय बांधलेली कोंबडी. पाण्यात गुडघाभर चालत जाऊन होडीत चढायचं. बायकांना आणि पोरांना खलाशी उचलून होडीत ठेवायचे. होडी हलत हलत किल्ल्याला वळसा घालून बोटीच्या कुशीला जायची, आणि खरी परीक्षा तिथे. होडी लाटेबरोबर वर जायची, खाली यायची, आणि शेजारी लोखंडाची भिंत तशीच उभी. शिडीच्या पायरीशी एक खलाशी वाकलेला. लाट होडीला वर उचलते त्या क्षणी हात द्यायचा. अर्धा क्षण आधी नाही, नंतर तर नाहीच. तान्ही पोरं हातोहात वर जायची. "मी डोळे मिटलंय नि हात वर केलंय. डोळे उघडलंय तेव्हा मी बोटीर," आजी म्हणायची. तिच्या मते सासर तिथेच सुरू झालं.

डेकवर जागा धरायची म्हणजे चटई पसरायची. ती पसरली की तेवढी जमीन तुमची. शेजारच्या चटईवर कोण येईल ते आपल्या हाती नाही. गावात ज्यांच्या सावलीचा विचार व्हायचा त्यांच्या उशाला उशी लागायची, आणि रात्री थंडी वाजली की एकच घोंगडी दोघांवर यायची. सकाळी आपापल्या बंदरात उतरल्यावर सगळे पुन्हा पहिल्यासारखे वागायचे, हेही आजीनेच सांगितलेलं. धुराड्यातून कोळशाचे कण उडत यायचे आणि लुगड्यावर काळे ठिपके पडायचे. इंजिनाच्या तेलाचा, फणसाचा आणि सुक्या मासळीचा मिळून एक वास असायचा. ज्यांना बोट लागायची ते कठड्याला धरून उभे, कुणी त्यांना आवळा देतंय, कुणी लिंबू. 'बोट लागणे' हा प्रयोग आता ऐकू येत नाही, 'गाडी लागणे' तेवढं उरलंय. आजीला बोट कधी लागली नाही. याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवायची नाही.

मग रात्र. बोट किनारा सोडून फार दूर जायची नाही, त्यामुळे दीपगृहं दिसत राहायची. प्रत्येक दिव्याची उघडझाप वेगळी, कुठला किती सेकंदांनी चमकतो ते खलाशांना पाठ. देवगड, विजयदुर्ग, मुसाकाजी, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै. आजी ही नावं एका दमात म्हणायची, दक्षिणेकडून उत्तरेकडे. उलट क्रमाने म्हणायला सांगितलं तर तिचा आवाज बदलायचा, कारण उलट क्रम म्हणजे गावाकडे जाणं. प्रत्येक बंदरात भोंगा, अंधारात होड्यांचे कंदील, चढणाऱ्यांचा गलका, आणि टपालाच्या थैल्या. मनीऑर्डरीचे पैसे, आजारपणाची पत्रं, लग्नाची बोलणी सगळं याच वाटेने जायचं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वदेशीचं वारं सुटलं तेव्हा ते समुद्रावरही आलं. 1906मध्ये तुतिकोरिनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि इंग्रज कंपनीशी टक्कर घेतली. सरकारने त्यांना तुरुंगात घातलं. आपल्या किनाऱ्यावरही कोकण आणि गोव्यातल्या माणसांनी उभी केलेली देशी सहकारी कंपनी होती. कागदावरचं तिचं नाव लांबलचक, पण लोक तिला म्हणत 'माझी आगबोट कंपनी'. या नावात 'आमची' नाही, 'माझी' आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. डेकवर चटईएवढी जागा धरणारा माणूस अख्ख्या बोटीला माझी म्हणत होता. तिच्या बोटींची नावंही घरातली: जयंती, तुकाराम, रामदास, आणि गोव्याच्या प्रवाशांसाठी सेंट अँथनी, सेंट झेवियर. संतांच्या नावाच्या बोटीत बसलं की निम्मी भीती तिथेच जायची. पुढे 1919मध्ये वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी सिंधिया कंपनी उभी केली. तिची 'लॉयल्टी' 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाली, तो दिवस आपण आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर बॉम्बे स्टीमही सिंधियाच्याच हाती आली.

आणि याच नावांवर समुद्राने घाव घातले. त्याआधीचा एक घाव गुजरातच्या किनाऱ्यावरचा आहे. शेफर्ड कंपनीची 'वैतरणा' कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली होती. विजेचे दिवे असलेली ती नवी बोट लोकांना इतकी नवलाची वाटली की तिचं नाव 'वीजळी' पडलं. 8 नोव्हेंबर 1888 रोजी वादळात ती गेली ती गेलीच, सातशेहून अधिक माणसांसह. मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईला निघालेली मुलं होती तिच्यात. काठियावाडात अजून तिची गाणी म्हणतात. आपल्याकडे 11 नोव्हेंबर 1927 या एकाच दिवशी जयंती आणि तुकाराम या दोन्ही बोटी बुडाल्या.

रामदासबद्दल लिहिताना माझा हात थांबतो. 17 जुलै 1947, आषाढाची अखेर, दुसऱ्या दिवशी अमावास्या. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. लांबच्या बोटी पावसाळ्यासाठी बंद होत्या, पण भाऊच्या धक्क्यावरून समोरच्या रेवसला जाणारी फेरी चालू होती, कारण ते अंतर जेमतेम दीड तासाचं. एवढं जवळचं पाणी कुणाला समुद्र वाटतच नव्हतं. अमावास्येला घरी जायचं म्हणून बोट भरलेली. सकाळी आठच्या सुमारास ती धक्क्यावरून सुटली. पाऊस होता, वारा वाढत गेला. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आदळली, बोट एका अंगाला कलंडली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली, आणि पुढच्या लाटेने ती उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. आपली बोट बुडाली हे मुंबईला दुपार उलटून गेल्यावर कळलं, तेही पोहून किनाऱ्याला लागलेल्या जिवंत माणसाकडून. तिकडे रेवसकडचे कोळी मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. पाण्यात माणसं दिसताच त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात टाकली आणि त्या जागी माणसं भरली. हातचा धंदा पाण्यात सोडून दिलेल्या त्या कोळ्यांची आठवण धक्क्यावर प्रत्येकाला वाचता येईल अशा जागी लावायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आजी त्या संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत उभी होती. रस्त्यावरून माणसं धक्क्याकडे पळत होती, एवढंच ती सांगायची. त्यापुढे ती कधी गेली नाही. पण भाद्रपदात बोटी चालू झाल्यावर ती पोरांना घेऊन बोटीनेच गावी गेली. "मग काय करूचा? घर पलीकडे." तिच्या लेखी मुंबई अलीकडे होती, गाव पलीकडे, आणि मध्ये फक्त पाणी.

बोटी एका दिवसात थांबल्या नाहीत. खाड्यांवर पूल होत गेले, एस. टी. गावागावांत शिरली, रात्री मुंबईत बसलेला माणूस सकाळी थेट आपल्या वाडीच्या फाट्यावर उतरायला लागला. होडीची कसरत नको, भिजणं नको, पावसाळ्यात खंड नको. लोकांनी बोट सोडली यात त्यांचं काही चुकलं नाही. एकेक बंदर वेळापत्रकातून गळत गेलं. कोकणसेवक, कोकणशक्ती या नावांनी मुंबई-गोवा वाट आणखी काही वर्षं तग धरून होती. 1982च्या संपाने गिरण्या गेल्या आणि ज्या वाटेवरून माणसं गिरण्यांना आली ती वाटही त्याच सुमारास निवत गेली. 1998च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली तेव्हा सगळ्यांसारखाच मीही हरखून गेलो होतो.

मात्र एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. मालवण, वेंगुर्ला, विजयदुर्ग, हर्णै, ही गावं जुन्या वाटेने हिंडून पाहा. बाजारपेठ बंदराकडे उघडते. कस्टमची कचेरी, जुन्या वखारी, व्यापाऱ्यांची मोठी घरं, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. समुद्र हे गावाचं पुढचं दार होतं. डोंगराची बाजू म्हणजे परसू. पूल आणि रूळ आले ते परसातून. आता पाहुणा मागून येतो, आणि पुढच्या अंगणात वखारींची कौलं गळतात. पर्यटक तिथे उभे राहून सूर्यास्ताचे फोटो काढतात. सूर्यास्त सुंदरच असतो, पण ज्या दगडावर ते उभे असतात त्या दगडावर कुणाचं तरी माहेर सुटलं होतं, हे सांगायला तिथे कुणी नसतं.

2020च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. मी गेलो. गाड्या पोटात घेणारी मोठी, वातानुकूलित बोट, काचेआड बसायच्या खुर्च्या. तासाभरात मांडवा. फार बरं वाटलं, आणि अशा बोटी खाली वेंगुर्ल्यापर्यंत जाव्यात असं मला खरोखर वाटतं. वाटेत मी बाहेर कठड्याशी जाऊन उभा राहिलो. पाण्यात कशाची खूण नव्हती.

शेवटची गोष्ट आजीची. बोट बंद झाल्यावर ती गावी जाणं टाळायला लागली होती. बोट न लागणाऱ्या आजीला एस. टी. मात्र लागायची, घाटाच्या पहिल्याच वळणावर. पुढे रेल्वे आली आणि मी तिला घेऊन निघालो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. सकाळी कुडाळला उतरलो. तिने स्टेशनाबाहेर उभं राहून चारी बाजूंना पाहिलं. झाडं, रिक्षा, लाल माती. "समुद्र खंय?" मी म्हटलं, आजी, इथून मालवण अजून तासाभरावर आहे, आधी आपलं घरच लागेल. तिने मान हलवली. "घराक असा मागसून जावक नाय."

मग रिक्षा घराच्या फाट्यावरून तशीच पुढे काढली. बाजारपेठेतून, गर्दीतून, थेट मालवणच्या बंदरावर. ती उतरली, चपला काढल्या आणि पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेली. समोर किल्ला होता. त्याच्या पलीकडे, जिथे बोट उभी राहायची, तिथे तिने बराच वेळ पाहिलं. मग पाण्याकडे पाठ करून गावाकडे तोंड केलं, लुगड्याचा पदर नीट केला आणि मला म्हणाली, "आता चल."

ट्रंक मी उचलली. ती पुढे चालत होती.